बिचारी म्हणू नकोस, गणित शिकव

सोनू, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून तुझं नाव लागलं, पालिकेची शाळा मिळाली आणि तीही गोवंडीची, हे कळल्या कळल्या आईचा मला फोन. डोंबिवलीहून कुर्ल्याला उतरायचं, पुढे हार्बर पकडायची, एवढंच तिला दिसतंय. तुझ्या सासूबाईंना 'कसली ती वस्ती' एवढंच दिसतंय. आणि तुझा मेसेज काय, तर 'ताई, त्या बिचाऱ्या मुलांसाठी मला काहीतरी करायचंय.' तुझं मन मला माहीत आहे गं, त्यात खोट नाही. पण त्या 'बिचाऱ्या'चं आधी बघू, बाकीचं मग.

मुलं बिचारी वाटायला लागली की पुढे काय होतं, सांगते. सातवीला अपूर्णांकांची उदाहरणं येतात. तू दोन सोडवून दाखवतेस, वर्ग गप्प. तुझ्या मनात येतं, जाऊ दे, यांना घरी अभ्यासाला जागा नाही, बाप रात्रपाळीला, आई चार घरची कामं करते, कशाला आणखी डोक्याला ताप? मग अवघड उदाहरणं गळतात. शाब्दिक उदाहरणं तर पहिल्या झटक्यात गळतात. परीक्षेत येईल तेवढं फळ्यावर, मुलं उतरवून घेतात, मुख्याध्यापक खूश, पालक खूश, तूही खूश. ज्याच्या घरी क्लासची फी भरायला पैसे आहेत त्याचं शाळेत गळलेलं संध्याकाळी क्लासमध्ये भरून निघतं. तुझ्या मुलांचं कुठे भरून निघणार? माया करता करता तू त्यांच्या वाटणीचं गणितच कापून टाकलंस. मारकुट्या मास्तरापेक्षा मला हे जास्त धोक्याचं वाटतं, कारण याची तक्रार करायला कोणीच येत नाही.

बी.एड.ला हे तुला कोणी सांगितलं नसणार. आता दोन वर्षांचं झालं म्हणा, छात्रसेवाकालही चांगला वीस आठवड्यांचा असतो. पण तिथली मांडणीच अशी की समकालीन भारत आणि शिक्षणाच्या पेपरात फुले-आंबेडकरांवर टिपा लिहायच्या आणि गणिताच्या आशययुक्त अध्यापन पद्धतीत लसावि-मसाविचं टाचण काढायचं. दोन्हींची गाठ कधी पडत नाही. न्याय, समता वगैरे नागरिकशास्त्राच्या बाईंकडे आणि समीकरणं आपल्याकडे, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. खरं विचारशील तर या शहरात गरिबाच्या मुलाला अडवणारा सगळ्यात मोठा नाका गणित-विज्ञानाचाच आहे. दहावीला कोण कशात नापास होतं ते कुठल्याही शाळेत जाऊन विचार.

आठवतं का, तुझ्या वेळी दहावीला सामान्य गणित असा एक पर्याय असायचा? बीजगणित-भूमिती नको असेल त्याला सोपं गणित. कागदावर किती दयाळू योजना! पण तो पर्याय कोणाच्या गळ्यात पडायचा? शाळेचा निकाल खाली आणतील अशी भीती ज्यांच्याबद्दल वाटायची त्यांच्या. त्यात मुली जास्त. आणि पुढची गणिताची वाट तिथेच अरुंद व्हायची. तो पर्याय गेला, पण विचार गेलेला नाही. २०२४ मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात सुचवलं होतं, की गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण पडले तरी मुलाला पुढे जाऊ द्यावं, मात्र गुणपत्रिकेवर शेरा मारावा, की याला यापुढे या विषयांचं शिक्षण घेता येणार नाही. नापासाचा शिक्का टळेल हे खरं, मी नाकारत नाही. पण तो शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर येणार हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

अमेरिकेत बॉब मोझेस नावाचा एक गणिताचा मास्तर होऊन गेला, २०२१ मध्ये वारला. १९६०च्या दशकात हा माणूस मिसिसिपीत काळ्या लोकांची मतदार नोंदणी करत हिंडला, मार खाल्ला, तुरुंगात गेला. पुढे १९८२ मध्ये त्याच्या लक्षात आलं, की त्याच्या मुलीच्या शाळेत आठवीला बीजगणित शिकवतच नाहीत. आणि बीजगणित नाही तर पुढचं कॉलेज नाही. मग त्याने तिथेच 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' सुरू केला. त्याचं म्हणणं सरळ होतं: पूर्वी मताचा हक्क नसला की माणूस बाहेर राहायचा, आता बीजगणित नसलं की बाहेर राहतो. ऋण संख्या शिकवायला तो मुलांना बोस्टनच्या लोकलमधून फिरवायचा. एक स्टेशन शून्य धरायचं, इकडची धन, तिकडची ऋण. आपल्याकडे तर हार्बर लाइन शाळेच्या दारात आहे. गोवंडी शून्य धर. मानखुर्द अधिक एक, चेंबूर उणे एक, कुर्ला उणे तीन. टिळकनगर विसरू नकोस, नाहीतर मुलंच तुला चूक दाखवतील, आणि दाखवली तर फारच छान.

आता मुलांना काय येतं ते ऐक, कारण तुझी अर्धी तयारी इथेच व्हायला हवी. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. गुणोत्तर-प्रमाणाच्या तासाला मान खाली घालून बसायची, वहीत नुसती खाडाखोड. तिच्या घरी नकली दागिन्यांत खडे बसवायचं काम यायचं, नगावर मजुरी. ग्रोसला, म्हणजे बारा डझनांना, तेव्हा अठरा रुपये मिळायचे. मी सहज विचारलं, शंभरच झाले तर किती देतील गं? तिने वर बघितलंही नाही. 'आठाला रुपया, म्हणजे शंभराला साडेबारा.' पेन नाही, कागद नाही. १४४ भागिले १८ तिने कधीच करून टाकलं होतं, नव्हे, तिच्या आईच्या आईने करून ठेवलं असेल. मी फळ्यावर लिहिलं: ८ नग, १ रुपया. १६ नग, २ रुपये. ४० नग? १०० नग? आणि ते 'आठाला रुपया' म्हणजेच समचलनाचा स्थिरांक, हे तिथून पाच मिनिटांवर होतं. तो स्थिरांक तिच्या घरात रोज राबत होता, पुस्तकात फक्त त्याचं नाव वेगळं होतं.

हे काही माझं एकटीचं निरीक्षण नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-बिरळ विकणाऱ्या पाच मुलांवर १९८५ मध्ये एक अभ्यास छापून आला, तो आजही जगभर शिकवला जातो. गिऱ्हाईक बनून प्रश्न विचारले तेव्हा ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तर ३७ टक्के. पस्तीसचा एक नारळ तर दहा केवढ्याला, यावर एका मुलाने दहाने गुणलं नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तीन, आणखी तीन, वर एक, असं करत साडेतीनशेवर आला. आपल्याकडे धारावीतल्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलांचं गणित होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमणियम यांनी बारकाईने पाहिलं आहे. आणि २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये कोलकाता-दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवरचा मोठा अभ्यास आला. बाजारातली मुलं पाटीवर अडखळतात हे त्यात आहेच, पण शाळेतली हुशार मुलं बाजारात अडखळतात हेही आहे. म्हणजे दोन्हीकडची मुलं अर्धीच शिकतात.

पण सोनू, इथे एक खड्डा आहे. 'यांना व्यवहारी गणित येतं, तेच पुरे' असं म्हणणारे तुला भेटतील, पुरोगामी भाषेत म्हणतील. त्यांचं ऐकू नकोस. साडेबाराचं उत्तर येणं ही सुरुवात आहे. तिला समचलन, मग व्यस्त चलन, मग आलेख, हे सगळं यायला पाहिजे, पुस्तकातल्या भाषेत आणि बोर्डाच्या पेपरात. तिच्या गणिताचं कौतुक करून तिला तिथेच ठेवणं म्हणजे पुन्हा तोच 'बिचारी'चा खेळ.

आणि त्या मुलीच्या उदाहरणात पुढचा प्रश्न दडलेला होता. ग्रोसला दोन तास लागले तर तासाची मजुरी किती? नऊ रुपये. हा भागाकार मुलांना करू दे. तू भाषण ठोकू नकोस, 'बघा कशी पिळवणूक' वगैरे. ती गोष्ट आकडा सांगतो. मुलं विचारतीलच, मग दुकानात तो हार केवढ्याला मिळतो? विचारू दे. फक्त एक कर. उदाहरण वर्गात कोणाच्या घरचं म्हणून मांडू नकोस. नाव बदल, आकडे बदल, सगळ्यांना सारखं दे. मुलाचं घर म्हणजे आपलं शैक्षणिक साधन नव्हे. आईची मजुरी चाळीस जणांसमोर फळ्यावर आली तर पुढच्या तासाला पोरगी शाळेत येणार नाही.

पाण्याचं बघ. मुंबईला सात तलावांतून पाणी येतं हे भूगोलात असतं. गणितात हे घे: इमारतीत राहणाऱ्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५, हा पालिकेचा वर्षानुवर्षांचा हिशेब. पाच माणसांचं घर धर. एकीकडे ६७५ लिटर, दुसरीकडे २२५. आता समजा गल्लीत दोनशे लिटरचा ड्रम चाळीस रुपयांना भरून मिळतो, तर हजार लिटरला किती? दोनशे. पालिकेचा मूळ घरगुती दर हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत आहे. गुणोत्तर काढा. वीस पटीच्या वर जातं. मग मुलांना सांग, की पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला, झोपडी अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येणार नाही. कोर्टात जायलाही आकडे लागतात. हंड्यांची संख्या, रांगेतली मिनिटं, नळ किती वाजता येतो आणि किती वाजता जातो, याचा आठवड्याचा तक्ता आठवीच्या मुलांनी काढला तर सरासरी, मध्यक, बहुलक, स्तंभालेख, सगळं त्यातून निघतं. पुस्तकातल्या 'एका क्रिकेटपटूने पाच सामन्यांत काढलेल्या धावा' इतकंच ते अभ्यासक्रमाला धरून आहे, कोणी साहेब आले तरी बोट ठेवू शकणार नाहीत.

विज्ञानात तर आपल्या वॉर्डात खजिना आहे, दुर्दैवाने. एम पूर्व विभाग. भाभा अणुसंशोधन केंद्र याच विभागात, टाटा सामाजिक विज्ञान संस्था याच विभागात, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र याच विभागात, आणि १९२७ पासूनचं देवनारचं डम्पिंग ग्राउंडही इथेच. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांमध्ये तळाला कोण, तर हाच. अणुभट्टीपासून दोन-चार किलोमीटरवर राहणाऱ्या पोराला अणूचा धडा घोकून पाठ करावा लागतो, यावर हसावं की रडावं?

मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहती तू बघशीलच. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. इमारती इतक्या खेटून की या खिडकीतून त्या खिडकीत वाटी द्यावी. 'डॉक्टर्स फॉर यू' संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांबरोबर तिथला क्षयरोग अभ्यासला आणि तो ऊन-वारा न पोचण्याशी जोडून दाखवला. आता हे दहावीच्या त्रिकोणमितीत घेऊन ये. मुंबई १९ अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर, दक्षिणेला. दोन इमारतींत तीन मीटर अंतर असेल तर दक्षिणेच्या खिडकीत समोरच्या गच्चीच्या पातळीपासून ऊन किती खाली उतरेल? टॅन ४७ घे, सव्वातीन मीटरच्या आसपास येतं. एक मजला! इमारत सात मजल्यांची. खालच्या सहा मजल्यांवर भर दुपारीसुद्धा ऊन नाही. टॅनचा तक्ता कशाला असतो, हा प्रश्न त्या दिवसानंतर वर्गात कोणी विचारत नाही. दोन इमारतींत किती अंतर सोडायला हवं होतं, हा पुढचा प्रश्न मात्र विचारतात, आणि तो नगररचनेचा प्रश्न आहे. क्षयाचं नाव काढताना तेवढं भान ठेव. वर्गात कोणाच्या घरी गोळ्या चालू असतील. रोग जंतूने होतो, उपचाराने बरा होतो, हे आधी. ऊन-वारा नंतर.

किंवा हायड्रोजन सल्फाइड. पुस्तकात एका ओळीत संपतो: रंगहीन वायू, कुजक्या अंड्याचा वास. तुझ्या वर्गात सफाई कामगारांची मुलं असतील. त्यांना ही ओळ अर्धीच देऊ नकोस. हा वायू हवेपेक्षा जड आहे, म्हणून गटाराच्या तळाशी साठतो. रेणुभार काढायला लाव, ३४ येतो, हवेचा सरासरी २९. आणि प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो, म्हणजे वास गेला म्हणून धोका गेला असं समजून माणूस खाली उतरतो. वाचवायला दुसरा उतरतो, तोही जातो. माणसाला मॅनहोलमध्ये उतरवण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, तरी बातम्या थांबत नाहीत. ज्या मुलाचा बाप हे काम करतो त्याला हे रसायनशास्त्र कळणं यापेक्षा उपयोगाचं विज्ञान मला सांग.

अगं, पण धड्यांपेक्षा जास्त अन्याय होतो तो धड्यांच्या मधल्या फटीत. आपल्याला दिसत नाही. सकाळी हजेरी झाली की कारकून दारात येतो, 'एससी-एसटीची मुलं उभी राहा, शिष्यवृत्तीचे फॉर्म.' भर वर्गात. त्यानंतर लगेच गणिताची चाचणी. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्हीकडच्या मुलांची कामगिरी सारखी. सगळ्यांसमोर नाव-जात वाचून दाखवली, तर खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी साधारण वीस टक्क्यांनी घसरली. मुलं तीच, कोडी तीच. म्हणून कारकुनाला गोड बोलून सांग, यादी माझ्याकडे द्या, मी बघते. मधल्या सुट्टीत एकेकाला बोलाव. पेपर तपासताना नावाची बाजू दुमडून ठेव. एकाच उत्तरपत्रिकेवर जात बदलून लिहिली तर गुण थोडे घसरतात, हेही आपल्या देशात तपासून झालंय, २०१२ मध्ये छापून आलंय. आणि घसरवणाऱ्यांत त्याच जातींचे शिक्षकही होते, तेव्हा 'मी तशी नाही' म्हणून सुटका नाही. तुझी नाही, माझीही नाही.

प्रयोगाच्या वेळी बघ, परीक्षानळी कोणाच्या हातात आणि वही कोणाच्या हातात. मुलगे ओततात, मुली निरीक्षणं लिहितात. शेवटी टेबल पुसतं कोण? हे मी सांगत नाही, तूच एक महिना बघ. हजेरीपटाच्या मागे कच्ची खूण कर, आज कोणाला प्रश्न विचारला, कोणाच्या चुकीवर थांबले, कोणाला 'बस खाली' म्हटलं. पुढच्या दोन बाकांबाहेर खुणा फार कमी दिसतील.

भाषेचंही तसंच. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, तुझ्या वर्गात मराठी माध्यम असलं तरी घरी मराठी असेलच असं नाही. एकोणसत्तर, एकोणऐंशी, पंचाहत्तर यांत मूल अडखळलं तर ते गणितात कच्चं आहे असं नव्हे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'साठ नऊ' असं वाचन सुचवलं तेव्हा मंगलाताई नारळीकरांच्या समितीवर केवढी चिखलफेक झाली, विधानसभेत खिल्ली उडाली. मला स्वतःला जुनी नावं जातील याचं वाईट वाटतं, पण त्या सूचनेमागचं दुखणं खरं होतं. होमी भाभा केंद्राच्या वि. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी १९८०च्या दशकात मुंबई पालिकेच्या शाळांतल्या दलित-वंचित मुलांबरोबर काम केलं, तेव्हाही भाषा हाच मोठा अडसर निघाला होता. मुलांची बुद्धी कमी नव्हती, पुस्तकाची वाक्यं अवघड होती. 'समजून घ्या की' आणि 'परिणामी' यांनी भरलेलं वाक्य आधी मोडून साधं कर, संज्ञा मात्र सोडू नकोस. बहुलक तो बहुलकच.

वस्तीत जा, पण पाहणी करायला जाऊ नकोस. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिलं त्यात शिक्षक कसा हवा हे स्पष्ट होतं: शेतकरी-कष्टकरी वर्गातला, त्यांच्यात मिसळून राहणारा, प्रशिक्षित आणि बऱ्या पगाराचा. अभ्यासक्रमात हिशेबही होता, शेतीचं ज्ञानही, आरोग्याचे धडेही. आपण त्या वर्गातल्या नाही, ते काही आपल्याला बदलता येत नाही. मिसळता येतं. हळदीकुंकवाला बोलावलं तर जा, ईदला शीरखुर्म्याला बोलावलं तर जा, चार आयांशी ओळख झाली की मुलगी अचानक यायची बंद का झाली हे तुला आठवड्यात कळतं, नाहीतर वार्षिक निकालाच्या दिवशी कळतं.

आणि एकटीने सगळं करायला जाऊ नकोस. मध्य प्रदेशात १९७२ पासून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालला. साध्या साहित्याचे संच, मुलांनी स्वतः करायचे प्रयोग, पुस्तक उघडं ठेवून परीक्षा. पण त्याचा कणा होता शिक्षकांची दरमहाची बैठक. उन्हाळ्यात शिक्षक स्वतः बेडूक आणि बॅटरी घेऊन बसायचे, महिन्यातून एकदा जमून काय फसलं ते बोलायचे. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला, हा भाग आपल्याला नवीन नाही. तू तुझ्या बीटमध्ये तीन-चार जणी शोध. उर्दू माध्यमातली एखादी बाई नक्की घे, गणित तेच आहे. होमी भाभा केंद्र तिथून रिक्षाच्या अंतरावर आहे, शिक्षकांसाठी त्यांचं दार उघडं असतं, विचारायला लाजू नकोस.

कामाच्या कटकटी येतीलच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून तुला बाहेरची कामं देता येत नाहीत. पण निवडणूक म्हटलं की बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम वर्षभर गळ्यात. त्यावर कुढत बसू नकोस, नाहीतर शिकवायचं राहील. फक्त ज्या दिवशी तू बाहेर असशील त्या दिवशीचा तास खेळाच्या सरांना 'वाचन घ्या' म्हणून देऊ नकोस. चार उदाहरणं लिहून वर्गनायिकेकडे ठेव, मुलींमधून निवडलेल्या.

एक सांगायचं राहिलं, ते आधी सांगायला हवं होतं. आठवीचा वर्ग मिळाला तर एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेचं जूनपासूनच बघ. सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच ती आहे, नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. या वयात घरातून 'आता कामाला लाग' हा जो रेटा येतो तो महिन्याच्या हजार रुपयांनी थोडा तरी सैल होतो. पेपर डिसेंबरमध्ये असतो आणि त्यात बुद्धिमत्ता चाचणीबरोबर सातवी-आठवीचं गणित-विज्ञानही असतं, म्हणजे तू गाळलेलं सगळं तिथे विचारतात. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. अडतं ते मुलांच्या डोक्यापाशी नाही, तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. भाड्याने राहणाऱ्यांकडे कागद नसतात, रेशनकार्ड गावचं असतं, बाप रोजंदारीवर, खाडा केला तर त्या दिवसाचे पैसे गेले. तेव्हा पहिल्या पालकसभेतच कोणाकडे कोणता कागद नाही त्याची यादी कर आणि मला पाठव. तहसील कार्यालयाजवळ आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी सेतू केंद्र चालवते, तिच्याशी मी बोलून ठेवते.